धानात पुरलेला लॅपटॉप

आमच्या गावात लग्न कोणाचंही असो, माइक मोठ्या बाबांच्याच हातात. मोठे बाबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. त्यांना कोणी हे काम दिलं नव्हतं. ते मांडवात यायचे, डीजेवाल्या पोट्ट्याच्या हातून माइक काढून घ्यायचे, त्याच्यावर बोटानं दोनदा ठोकायचे, ठक ठक, मग एक फुंकर मारायचे आणि सुरू.

"हां, मंडळी. पंगत बसून राहिली. ज्याचं जेवण नाही झालं त्यानं बसावं. ज्याचं झालं त्यानं दुसऱ्यांदा बसू नये, मी पाहून राहिलो."

मग वाढणाऱ्यांची पाळी. "ए निळ्या शर्टवाल्या, भात घेऊन तिकडं कायले पळून राहिला? पोरी बसल्या म्हणून? इकडच्या म्हाताऱ्यायले दात नाहीत गा, पोट आहे न!"

नवरी निघायची वेळ झाली की मात्र मस्करी बंद. तेव्हा एवढंच बोलायचे, "रस्ता द्या मंडळी. पोरगी चालली." गावातल्या प्रत्येक पोरीला त्यांनी असाच रस्ता करून दिला.

मी नकलाकार. शाळेत गणित आलं नाही, पण गणिताचे मास्तर पूर्ण आले. आमगाव स्टेशनवरची गाडी लेट असल्याचं सांगणारी बाई येते, आठवडी बाजारातला लसूणवाला येतो, बकरी येते, बकरीला हाकलणारी म्हातारी पण येते. पण सगळ्यात पक्की नक्कल मोठ्या बाबांची. पाहुणे आले की तेच हाक मारायचे, "ए माकड्या, मी कसा बोलतो ते दाखव यायले." मी दाखवायचो. ते इतके हसायचे की तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा बाहेर यायचा.

त्या खर्ऱ्यानंच घात केला. गालात जखम झाली, भरेना. नागपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, जबड्याचा तुकडा आणि जिभेचा बराच भाग काढावा लागेल. माणूस वाचेल. बोलणं काही सांगता येत नाही.

इकडं ताईचं लग्न ठरून बसलं होतं. ताई म्हणजे मोठ्या बाबांची एकुलती पोरगी. तुळशीचं लग्न आटोपलं की तिचं. घरच्यांनी पुढं ढकलायची गोष्ट काढली तर मोठे बाबा भडकले. "तिचं लग्न माझ्या जिभेसंग ठरलं का? तारीख तीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यापाशी आले. इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या त्या डब्यात आवाज भरता येते का बे?"

डबा म्हणजे माझा लॅपटॉप. सेकंडहँड, एक बिजागरी ढिली, दोन बटनं गायब. मोबाइलात भरला असता तर आज रडायची पाळी आली नसती, हे आता सगळेच सांगतात. माझ्या मोबाइलचा माइक फुटका होता. मी बोललो की समोरच्याला वाटे, हा विहिरीत पडून बोलून राहिला. म्हणून लॅपटॉप.

गोठ्यामागं खाट टाकली, टोपली पालथी घालून तिच्यावर लॅपटॉप ठेवला. मोठे बाबा धुतलेला शर्ट घालून आले.

"माइक कुठं आहे याचा?"

"हे पाहा, हे बारीक छेद."

"एवढ्याशा छेदात मी मावतो का बे?"

मग सवयीनं लॅपटॉपच्या काठावर दोनदा ठोकलं, स्क्रीनवर फुंकर मारली, आणि आपल्या पोरीचं अख्खं लग्न बोलून टाकलं. वरातीचं स्वागत, पहिली पंगत, दुसरी पंगत. "लाल फ्राकवाली पोरगी सापडली, तिच्या मायनं जेवून घ्यावं मग यावं, पोरगी जिलबी खाऊन राहिली, मजेत आहे." मी विचारलं, पोरगी हरवलीच नाही तर? म्हणाले, "हरवते. प्रत्येक लग्नात हरवते."

शेवटचं वाक्य मात्र निघेना. "रस्ता द्या" म्हणायचे आणि थांबायचे. पाणी प्यायले. गोठ्यातल्या म्हशीला उगाच एक शिवी दिली. पुन्हा बसले. पुन्हा "रस्ता द्या" आणि पुन्हा गप्प. मी म्हटलं, राहू द्या, नंतर करू. म्हणाले, "नंतर कधी?" आणि मग डोळे मिटून बोलले. रस्ता द्या मंडळी. पोरगी चालली.

ठरलं असं, की लग्नाच्या दिवशी मी लॅपटॉपची वायर थेट डीजेला जोडायची आणि एकेक तुकडा वाजवायचा. लोकांना वाटलं पाहिजे, मोठे बाबा मांडवामागं उभे राहून बोलून राहिले.

ऑपरेशन झालं. परत येताना गाडी कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबली. आम्ही जेवलो. त्यांच्या नाकात नळी होती, ते गाडीतच बसले. वेटर काचेजवळ जाऊन विचारू लागला, "दादा, आपको क्या लाऊं?" मोठ्या बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. एरवी मी त्या वेटरची नक्कल गोंदियापर्यंत केली असती. त्या दिवशी नाही केली.

घरी त्यांनी बोलवायची नवी रीत काढली. खाटेच्या पाटीवर दोनदा ठोकायचं. ठक ठक झालं की मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, हातातलं टाकून जायची.

थोडं बरं वाटू लागल्यावर त्यांना एक नाद लागला. मला खूण करायचे आणि लॅपटॉपकडं बोट दाखवायचे. मी लावून द्यायचो. स्वतःचाच आवाज ऐकत बसायचे. "दात नाहीत गा, पोट आहे न" आलं की खांदे हलायचे. हसायची तेवढीच सोय राहिली होती. नळी निघाल्यावर ते शेतावर येऊ लागले, तर लॅपटॉपही पिशवीत घालून शेतावर येऊ लागला.

तेव्हा धानाचा चुरणा चालू होता. थ्रेशर लागलेलं, खळ्यावर धानाचा ढीग, सगळ्यांच्या भुवयांवर कोंडा. दुपारी एकाएकी आभाळ आलं. हंगाम नसताना येतो तसला पाऊस. जो तो ढिगाकडं धावला. ताडपत्री ओढा, पोती उचला, इकडून झाका, तिकडून दाबा. मोठे बाबा पण टॉवेल गळ्याला बांधून ताडपत्रीचं टोक धरून उभे. वर्षाचं धान झाकताना पिशवी कोणाच्या ध्यानात राहते? पाऊस थांबला तेव्हा ती बांधाखालच्या पाण्यात पडलेली दिसली.

घरात सगळ्यात शिकलेला कम्प्युटरवाला मी. म्हणजे कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे. बटन दाबलं. हिरवा लाइट लागला, पंखा एकदा घरघरला आणि सगळं बंद. पुन्हा दाबलं, लाइट. तिसऱ्यांदा लाइट पण नाही. बॅटरी काढली, पुसली, घातली. चार्जर लावला, काढला. बटन दाबून धरून आकडे मोजले. तंबूसारखा पालथा उभा केला. ताईच्या आंदणात आलेलं केस वाळवायचं मशीन तिच्याआधी लॅपटॉपानं वापरलं. मोबाइलवर एका व्हिडिओतला भाऊ समजावून सांगत होता, "तो दोस्तों, घबराना नहीं है." मी त्याची नक्कल करत करत घाबरत होतो.

मोठी आई मीठ-मिरच्या घेऊन आली आणि लॅपटॉपवरून ओवाळू लागली.

"मोठी आई, मशीनले दृष्ट लागते का?"

"त्याच्यात कोण आहे ते पाय न," ती म्हणाली. मिरच्या चुलीत टाकल्या. सगळे खोकलो.

सकाळी उठलो तर लॅपटॉप जागेवर नाही. शोधाशोध झाली. मोठे बाबा खळ्यावर धानाच्या ढिगापाशी बसलेले, राखणीला बसतात तसे. मला पाहून त्यांनी माझ्या खिशातल्या मोबाइलकडं बोट दाखवलं, मग ढिगाकडं, मग अंगठा वर केला.

मला कळलं. मागं माझा मोबाइल बोडीत पडला होता. गावतळ्यातला गाळ चोपडून वर आला, तेव्हा मोठ्या आईनं तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि तो चालू झाला होता. मोठ्या बाबांनी त्याचा हिशेब लावला. एवढुशा मोबाइलला डबाभर तांदूळ, तर एवढ्या मोठ्या डब्याला ढीगभर धान. लॅपटॉप त्यांनी ढिगाच्या पोटात पुरला होता.

पण डब्यातला तांदूळ कोरडा होता. हे नवं धान, त्यात वरून भिजलेलं. मी ढिगात हात घातला. आत गरम होतं, गाईच्या कुशीसारखं. ओलं धान दाबून ठेवलं की वाफ धरतं, हे मोठ्या बाबांनी मला शिकवलं, मी त्यांना काय सांगणार? तरी म्हटलं, "मोठे बाबा, काढतो जी मी. ओलं आहे न हे." त्यांनी बोट हलवलं. नाही. थांब. तोंडावर टॉवेल बांधलेल्या, कितीतरी दिवसांनी खुश दिसणाऱ्या माणसाला आणखी काय म्हणायचं? माझा बाप कानाशी येऊन म्हणाला, "राहू दे बे. त्यायले काही करू दे." आणि आम्ही राहू दिलं. ते रोज जाऊन तिथं बसायचे. ढीग पोत्यात भरायला घेतला तेव्हाच लॅपटॉप निघाला.

मी तो घेऊन गोंदियाला गेलो. मार्केटातल्या दुकानदारानं स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं आणि बघतच राहिला.

"भैया, ये क्या किया? इसमें तो खेती हो गई है!"

पंख्याच्या जाळीत, वायरच्या भोकात सगळीकडं तूस गेलेलं. बिजागरीच्या फटीतून धानाचे दाणे आत शिरलेले. आणि त्यांना कोंब फुटले होते. पांढरे, वाकडे, बारीक. दुकानदारानं बाजूच्या चार्जर-कव्हरवाल्याला बोलावलं, त्यानं पानठेलेवाल्याला. फोटो काढले. "गोंदिया का लैपटॉप है, धान ही निकलेगा!" सगळे हसले. मी पण हसलो, वर "भैया, अब सरकार से इस धान का बोनस मिलेगा क्या" असं त्याच्याच आवाजात म्हटलं, ते आणखी हसले. सवय वाईट असते.

मग त्यानं आतली हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला लावली. सगळं त्याच डबीत असतं. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो.

ठक ठक.

मोठे बाबा माइक घेतल्यावर करतात अगदी तसं. मी वाट पाहत होतो, आता फुंकर येईल, आता "हां, मंडळी" येईल.

ठक ठक. ठक ठक. डिस्कच आतल्या आत आपटत होती. मग गप्प.

"गया ये," तो म्हणाला. आता हसत नव्हता. "पानी गया, फिर आपने करंट दिया, फिर ये धान की भाप. क्या था इसमें? शादी का फोटो?"

"शादीच होती," मी म्हटलं.

डिस्क बाहेर मोठ्या ठिकाणी पाठवून पाहा, पण आस ठेवू नका, असं त्यानं सांगितलं. पाठवली. लग्नानंतर ती तशीच परत आली.

स्टेशनवरून ताईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांले पाण्यानं गेला म्हण. धानाचं नको सांगू. आयकून राहिला न?"

मी तसंच सांगितलं. "पावसाच्या पाण्यानं गेला, मोठे बाबा. त्याच दिवशी गेला होता. काहीच करता आलं नसतं." मी एवढ्या लोकांच्या आवाजात बोलतो, पण खोटं माझ्या आवाजात बोलायचं होतं आणि ते बरोबर निघालं नाही. मोठ्या बाबांनी लॅपटॉप मागितला. मांडीवर घेतला. उलटा केला, सुलटा केला. बिजागरीत नख घातलं आणि एक दाणा ओढून काढला. कोंबासकट. दुकानदारानं साफ करताना तो राहून गेला होता.

तळहातावर घेऊन पाहिला. त्या माणसानं सारी जिंदगी धान केलं. कोंब किती दिवसांचा आणि कुठल्या वाफेवर फुटला, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. दाणा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला, लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. त्या दिवशी खाटेवरून ठक ठक आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ताई हळद लावलेल्या हातांनी मला बाजूला घेऊन गेली.

"तू कर न त्यायच्या आवाजात."

"येडी झाली का? ते बसले राहतील समोर."

"म्हणूनच तर. मले आयकायचं आहे. तुले येते न पुरं?"

मी मोठ्या बाबांना विचारायला गेलो. नकला केल्या तेव्हा कधी विचारलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात हलवला. हो पण नाही, नाही पण नाही. कर बाबा काय करायचं ते, असं काहीतरी.

लग्न लागलं. मंडळी जेवायला वळली. मी डीजेवाल्याकडून माइक घेतला, दोनदा ठोकला, फुंकर मारली. "हां, मंडळी. पंगत बसून राहिली. ज्याचं जेवण नाही झालं त्यानं बसावं."

हुबेहूब निघालं. पत्रावळी मांडणारे थांबले. म्हातारे वळून पाहू लागले. आणि घरातून मोठी आई पळत आली. डोक्यावरचा पदर पडलेला, हाताला कणीक. ती माझ्याकडं आलीच नाही. मांडवाच्या खांबाशी मोठे बाबा खुर्चीवर बसले होते, सरळ त्यांच्यापाशी गेली. कणकेच्या हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि त्यात पाहू लागली.

"बोलले? तुमी बोलले का जी?"

मोठ्या बाबांनी मान हलवली. मग हळूच माझ्याकडं बोट दाखवलं.

ती माझ्याकडं वळली. हातातला माइक तिला दिसला. रागावली नाही. "असं होय," म्हणाली, पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली. मोठ्या बाबांच्या दोन्ही गालांवर कणीक लागून राहिली होती. ते पुसत नव्हते.

मी माइक डीजेवाल्याला देऊन टाकला. पंगत आपोआप बसली. भात आधी आला, वरण मागून आलं, एक कोपरा तसाच उपाशी राहिला. लाल फ्राकवाली नाही, पण पिवळ्या फ्राकवाली एक पोरगी हरवली होती. तिची माय अख्ख्या मांडवात नाव घेऊन फिरली.

संध्याकाळी ताई निघाली. मांडवापासून गाडीपर्यंत ही गर्दी. वाजंत्री, बाया, पोरं, मोबाइल वर करून उभे असलेले पाहुणे. ताई मधेच अडकली. पुढं जाता येईना. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी माइकला हात लावला नाही. मला जमलंच नसतं.

तेवढ्यात मोठे बाबा उठले. ताईच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी लोकांना बाजूला सारू लागले. एकाच्या छातीवर हात, दुसऱ्याच्या खांद्यावर हात, एका पोराला उचलून बाजूला ठेवलं. तोंडावर टॉवेल, त्यातून एक घोगरा आवाज येत होता, त्याचे शब्द होत नव्हते. लोक समजले. मागं सरले. वाजंत्रीवाल्यानं वाजवणं थांबवलं. मोठे बाबा गाडीपर्यंत असेच चालत गेले, ताई त्यांच्या मागं मागं. एकदाही त्यांनी वळून तिच्याकडं पाहिलं नाही. दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले.

त्यानंतर मी त्यांचा आवाज काढणं सोडलं. पाहुणे म्हणतात, दाखव न. मी बकरी दाखवतो.

परवाची गोष्ट. दुपारी ओसरीत मोठी आई लाखोरीची डाळ निवडत होती, मी तिच्या समोर बसून मोबाइल पाहत होतो. मोठे बाबा आत झोपले होते. सुपातून वर न पाहता ती म्हणाली, "एकदा कर न."

"काय?"

"त्यायचा आवाज. हळू कर. झोपले आहेत ते."

"मोठी आई, राहू दे न."

"मांडवातलं नको. मले हाक मारत होते ते."

स्वतःच्या लग्नापासून मोठ्या बाबांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. शेतातून आले की अंगणातूनच एक हाक यायची, बस. मी घसा साफ केला. दाराकडं पाहिलं. आणि जमेल तेवढं हळू बोललो, "आयकून राहिली का वो?"

"हो जी, आली," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवून अर्धी उठलीसुद्धा. मग तिच्या ध्यानात आलं. तशीच वाकलेली थांबली, एक हात जमिनीवर.

आतून खाटेच्या पाटीवर आवाज आला. ठक ठक.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. ते केव्हापासून जागे होते, काय माहीत.

"आली," ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं, आणि आत गेली. मी सूप ओढून घेतलं आणि खडे निवडत बसलो.